दुपारची निर्यात

आमच्या बेटाने दुपार विकायला काढली, त्याला आता तीन वर्षं झाली. आधी उसाचा भाव पडला. मग मासळी परक्यांच्या मोठ्या बोटींनी परस्पर उचलली. उरली ती दुपार, आणि ती आमच्याकडे रग्गड. थंड देशांतून मागणीही चांगली. तेव्हापासून बेटावर बाराचा भोंगा झाला की लगेच चार वाजतात. मधलं सगळं खोक्यांत भरून बंदरावर येतं.

मी तिथे झाकणं ठोकते. खोकं कोमट लागतंय ना ते हाताने बघायचं, चार खिळे मारायचे, पुढे ढकलायचं. तिकडचे लोक खोकं उघडून काय करतात, ते कुणी धड सांगत नाही. अंगणात पसरतात की कपाटात ठेवतात? मला असल्या चौकशा फार.

सरकारचा हुकूम एकच. भोंग्याच्या वेळी कुणी आडवं व्हायचं नाही, झोपलेला माणूस दुपारबरोबर भरला जातो. पण भात-कालवण पोटात गेलं की आमच्याकडे पाठ आपोआप जमीन शोधते. आमच्या ह्यांना मी रोज बजावून निघते.

गेल्या महिन्यात व्यापार खात्याचे तांडेल साहेब एक पत्र घेऊन आले. तिकडून कळवलं होतं, ज्या खोक्यात कुणी घोरतं ती दुपार जास्त टिकते, आता तसलीच पाठवा.

"म्हणजे हुकूम बदलला?" मी विचारलं.

"हुकूम आहे तसाच आहे," साहेब म्हणाले. "फक्त सरकार घरोघर चटया वाटणार आहे."

चटया मऊ होत्या. आमची मी माळ्यावर लपवून ठेवली.

आज चार वाजले, खोकी आली. सतराव्याला हात लावला आणि मी झाकणाला कान टेकवला. आत कुणी घोरत होतं, आणि दर चौथ्या घोरण्याला बारीक शिट्टी. एकोणीस वर्षं मी त्या शिट्टीशेजारी झोपले आहे.

झाकण सरकवलं. आत आमचीच पडवी होती, ऊन पायरीपर्यंत आलेलं. माळ्यावरची चटई खाली अंथरलेली, तिच्यावर हे.

"अहो, उठा. बोट सुटतेय."

"पाच मिनिटं," ते डोळे न उघडता म्हणाले.

"कुठे नेतायत तुम्हाला, ठाऊक आहे का?"

"तुलाच बघायचं होतं ना, तिकडे काय करतात ते."

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. हात धरून ओढावं म्हणून वाकले, तर आतलं ऊन पार कोपरापर्यंत चढलं. फार बरं वाटलं. तीन वर्षांत मी दुपार पाहिली नव्हती.

"शेवंताबाई, खिळे," मागून तांडेल साहेब म्हणाले.

सवयीने मी चार खिळे ओठांत धरले, हातोडा उचलला. तेवढ्यात जांभई आली. खिळे सुटले आणि आमच्या पायरीवर एकेक करत वाजले.

ह्यांनी भिंतीकडे सरकून अर्धी चटई मोकळी केली.