पाचव्या कप्प्यातला गठ्ठा

रबर सैलच होतं. पन्नास मतपत्रिकांचा गठ्ठा त्यात कसाबसा तग धरून होता, आणि कारकुनाने जांभई देत देत तो उचलला तो चौथ्या कप्प्यात ठेवायचा सोडून पाचव्यात ठेवला.

जाळीच्या अलीकडून भावोजींनी ते पाहिलं. चौथा कप्पा मेहुण्याचा, पाचवा विरोधकाचा. आणि असा हात चुकला तर तिथल्या तिथे ‘थांबा’ म्हणायचं, एवढ्यासाठीच तर मेहुण्याने त्यांना आपला प्रतिनिधी म्हणून सकाळपासून या बाकावर बसवलं होतं. शेवटची फेरी संपत आलेली. त्यांच्या कागदावर मेहुणा साठ मतांनी पुढे होता. गठ्ठा तिकडेच राहिला तर चाळीसने पडणार होता.

म्हणू की... जरा दम तर खाऊ.

बावीस वर्षं पक्षात काढली. भिंती रंगवल्या, खुर्च्या मांडल्या, दुसऱ्यांची भाषणं लिहून दिली – आणि हे ध्यान तीन वर्षांपूर्वी आलं, छान हसतं म्हणे, तिकीट त्याला! तेव्हापासून पक्षातली पोरंसोरंही यांना भावोजीच म्हणायला लागली; नाव म्हणून होतं ते गेलंच. “भावोजी, अनुभव तुमचा, चेहरा माझा,” असं तो यांच्याच स्वयंपाकघरात म्हणाला होता, आणि बायको खळखळून हसली होती. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसली कधी? आणि आता तर कुणालाच बहुमत नाही, सात पक्षांची मोट बांधायची चाललीय, एकेका जागेला भाव आलाय – म्हणजे हा नुसता खासदार नाही, मंत्रीच व्हायचा. पडू दे. एकदा पडू दे की. मी कुठे काय केलंय, मी तर नुसता बसलोय...

“अहो, तो गठ्ठा आमचा नाही,” शेजारची बाई म्हणाली. विरोधकाची प्रतिनिधी, दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. “वरची पत्रिका बघा ना. यांचा आहे तो.”

कारकुनाने जीभ चावली, गठ्ठा चौथ्यात गेला.

“चष्मा बदला आता,” ती भावोजींना म्हणाली.

“तुमचा माणूस पडला की,” एवढंच त्यांना सुचलं.

“पडला. वाईट वाटतंय हो, उन्हातान्हात हिंडले त्याच्यासाठी.” तिने डबा उघडला. “पण म्हणून काय दुसऱ्याची मतं ठेवून घ्यायची?”

बाहेर एकच गलका झाला. घरी टीव्हीवर बायकोला कळलं असेल. संध्याकाळी ती म्हणेल, तुम्ही होतात म्हणून. भावोजी पोटात दुखायची वाट पाहत राहिले, नेहमीसारखं, पण मेहुण्याच्या नावाने काहीच दुखेना. ते त्या जेवणाऱ्या बाईकडे बघत होते. खासदारकी आता कुणी ताटात वाढून दिली असती तरी त्यांना नको होती. हिच्यासारखं चटकन बोलता यायला हवं होतं... बावीस वर्षांत इतका हेवा त्यांना कुणाचाच वाटला नव्हता.