गादी भांडारावरची झोप

जरीपटक्याच्या बाजारात भैयाजींचं गादी भांडार आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर रुपराव गजभिये बायकोसह भाड्याने राहतात. रुपराव कन्हानच्या कोळसा खाणीत पंप चालवतात. पाळी कायमची रात्रीची, म्हणून झोप दिवसाची. सकाळी घरी येऊन, आंघोळ करून, चार पोळ्या खाऊन ते नऊ वाजता आडवे होत. सव्वानऊला खाली भैयाजी शटर वर करत आणि त्याच सुमारास वरून घोरणं सुरू होई.

ते घोरणं साधंसुधं नव्हतं. कोणी भरलेलं लोखंडी कपाट फरशीवरून ओढत नेतंय, असं वाटे. दुकानात दोरीला टांगलेल्या उशांची प्लास्टिकं थरथरत. रुपरावांना मात्र हे कधीच पटलं नाही. "घोरत नाही गा मी," ते म्हणत, "मी फक्त जोरानं श्वास घेतो."

सुरुवातीला भैयाजी वैतागले होते. पण एकदा एक नवरा-बायको मुलीच्या लग्नासाठी गाद्या बघायला आले. बाईंनी चार गाद्या दाबून पाहिल्या, नाक मुरडलं आणि निघणार एवढ्यात वरून कपाट सरकलं.

"हे काय होय?" बाईंनी विचारलं.

भैयाजींच्या तोंडून निघून गेलं, "आपलं गिऱ्हाईक. आपल्याच गादीवर झोपून राहिलं."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे पाहिलं, आणि दोन गाद्या खपल्या. त्या दिवसापासून भैयाजींनी दुकानातला रेडिओ बंद ठेवला. गिऱ्हाईक आलं की ते काही बोलत नसत, नुसतं बोट वर करत. पुढेपुढे लोक कामठीहून शेअर ऑटो करून यायला लागले. "घोरणारं दुकान कोणतं?" असं विचारलं की नाक्यावरचा पानवालाही बरोबर पत्ता सांगे.

एकच भानगड होती. मधूनच घोरणं पार थांबायचं. मग सगळं दुकान गप्प होई. गिऱ्हाइकं हातातली उशी तशीच धरून वर बघत राहत. आणि घुसमटलेला एक मोठा फुत्कार येऊन कपाट पुन्हा सरकायला लागलं, की सगळे एकदम श्वास सोडत. काही जण तर टाळ्याही वाजवत.

एका मंगळवारी आईसाठी गादी घ्यायला एक बाई आल्या. नाव नूपुर, धंद्याने नाक-कान-घशाच्या डॉक्टर, पण हे भैयाजींना ठाऊक नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे बोट वर केलं. बाई ऐकत राहिल्या. घोरणं थांबलं, तशी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. फुत्कार आल्यावर बाजूच्या गिऱ्हाइकाने टाळी वाजवली आणि बाई म्हणाल्या, "चोवीस सेकंद. असं किती वेळा होतं?"

"दिवसभर होते न, मॅडम," भैयाजी अभिमानाने म्हणाले.

"जिना कुठे आहे?"

रुपरावांनी डोळे उघडले तेव्हा एक अनोळखी बाई टॉर्च घेऊन त्यांच्या नाकात डोकावत होती. शेजारी बायको माया कमरेवर हात ठेवून उभी होती आणि दारात भैयाजी घाम पुसत होते.

"मॅडम," रुपराव झोपेतच म्हणाले, "चोरी करायले आल्या असाल, तर नाकात काही ठेवत नाही मी."

"नाकात जागाच नाही ठेवायला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पडदा डावीकडे पार वाकलाय. लहानपणी मार लागला होता?"

"बकरीनं टक्कर मारली होती. सातवीत होतो."

मायाने लगेच तक्रार मांडली. "हे जेवता जेवता झोपतात, मॅडम. पोळी हातात राहते, तोंड उघडं राहते. उठले का डोकं दुखते म्हणतात. मी सांगून राहिली तर म्हणतात, तुले काही समजत नाही."

डॉक्टरबाईंनी खोलीभर नजर फिरवली. जमिनीवर चटई, चटईवर घडी घातलेली वाकळ. दुकानातून मागोमाग वर आलेलं एक गिऱ्हाईक मोठ्याने म्हणालं, "अरे, गादी कुठं आहे?" भैयाजींनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग बाई खिडकीशी गेल्या. खिडकीच्या जाळीवर पांढरीशुभ्र लव दाटून बसली होती. खाली, बरोबर खिडकीखाली, भैयाजींचं रुई पिंजायचं यंत्र घरघरत होतं आणि त्याची धूळ सरळ वर येत होती. बाईंनी जाळीवरचा एक पुंजका उचलून भैयाजींच्या पुढे धरला.

"ही धूळ रोज यांच्या नाकात जाते. आतून सूज येते, नाक बंद होतं, तोंडाने श्वास घ्यावा लागतो. अर्धं घोरणं तर तुम्हीच तयार करताय."

भैयाजी पुंजक्याकडे बघत राहिले. आपला माल चांगला असल्याचं त्यांना माहीत होतं, पण तो इतक्या कामाचा असेल असं वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी रुपराव छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाला नळी लावून भर दुपारी आपल्याच चटईवर तपासणीसाठी झोपले. रिपोर्ट घेऊन दोघं नवरा-बायको दवाखान्यात गेले.

"तासाला एकतीस वेळा तुमचा श्वास थांबतो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

रुपराव हबकले. "म्हणजे मी तासाले एकतीस वेळा मेलो?"

"मेला नाहीत. थांबलात."

"मग परत चालू कोण करते?"

"तुम्हीच. मेंदू तुम्हाला दरवेळी जागं करतो. म्हणून आठ तास झोपूनही तुमची झोप होत नाही."

रुपराव विचारात पडले. आपण झोपेतसुद्धा इतके कष्ट घेतो हे कळल्यावर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल आदर वाटला.

बाईंनी उपाय सांगितले. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायचं, फवारा मारायचा, वजन उतरवायचं, कुशीवर झोपायचं. पडद्याचं ऑपरेशन पुढे करता येईल, त्याने नाक मोकळं होईल. पण श्वास थांबतो तो गळ्यात, त्याला रोज झोपताना मास्क लावून हवेचं मशीन चालवावं लागेल. आणि मुख्य म्हणजे धूळ बंद. उताणं झोपू नये म्हणून मायाने त्याच दिवशी रुपरावांच्या बनियनच्या पाठीवर एक रबरी चेंडू शिवून टाकला.

संध्याकाळी भैयाजी पेढ्यांचा डबा घेऊन वर आले.

"भाऊ, तुमचं नाक तुमचं आहे, मले मान्य आहे," ते म्हणाले. "पण लग्नाचा सीजन आहे. तेवढा होऊन जाऊ द्या न."

"त्यायचा श्वास थांबून राहिला आन तुम्ही सीजन सांगून राहिले?" माया कडाडली. "काहून जी, लाज वाटत नाही?"

भैयाजींना खरंच लाज वाटली. ती लपवायला त्यांनी स्वतःच एक पेढा खाल्ला. मग म्हणाले, "बरं, एक करा. फक्त येत्या रविवारी खाली दुकानात झोपा. आपल्या सगळ्यात भारी गादीवर, लोकांसमोर. तेवढा निरोप घ्या गिऱ्हाइकाचा. सोमवारी मी यंत्र इथून हलवतो. कळमन्याकडे शेड पाहून ठेवली आहे."

यंत्र हलतं म्हटल्यावर रुपरावांनी होकार दिला.

रविवारी सकाळी दुकानापुढे मांडव घातला होता. रुपराव रात्रपाळी करून आले, आंघोळ केली, इस्त्रीचा पायजमा घातला आणि हात जोडून गादीवर आडवे झाले. समोर पन्नाससाठ माणसं खुर्च्यांवर बसली होती. कोणी चकल्या आणल्या होत्या.

झोप काही येईना. गादी इतकी मऊ की कंबर खाली आणि पाय वर. रुपरावांनी कूस बदलली. लोकांनी "येते, येते" केलं. ते पुन्हा उताणे झाले. पाठीचा चेंडू काढायला विसरले होते, त्यामुळे आपोआप परत कुशीवर वळले. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी गरम दूध पाठवलं. एकाने पंखा वाढवायला सांगितलं, दुसऱ्याने कमी करायला. एका गृहस्थाने शंभरपासून उलटे आकडे मोजायचा सल्ला दिला आणि मग स्वतःच मोठ्याने मोजून दाखवले. दीड तास झाला. रुपराव टक्क जागे.

लोक उठायला लागले, तसे भैयाजी घाबरे झाले. "भाऊ, अंग सैल सोडा. असं. हे पाहा, मी दाखवतो," म्हणत ते शेजारच्या गादीवर उताणे पडले. चार दिवस लग्नाच्या ऑर्डरींमागे धावलेला माणूस तो. दोन मिनिटांत त्यांचा जबडा खाली आला आणि असा काही आवाज सुटला की मांडवाची कनात हलली. रुपरावांचं कपाट, तर हा भरधाव मालगाडीचा ब्रेक.

लोक पुन्हा खुर्च्यांवर बसले. कोणी वाहवा म्हटलं.

आणि आवाज थांबला.

सगळे हसत वाट बघत होते. मायाने मात्र मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली होती. वीस. पंचवीस. तिने नवऱ्याकडे पाहिलं. रुपराव गादीवर उठून बसले होते. आजवर स्वतःचं थांबणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शेजारी एक जिवंत माणूस छाती हलवत होता आणि त्याच्या तोंडातून काहीच येत-जात नव्हतं. ओठ निळसर दिसत होते. 

"भैयाजी!" रुपरावांनी खांदा धरून गदगदा हलवलं. "उठा गा! श्वास घ्या!"

छत्तिसाव्या सेकंदाला भैयाजी घुसमटून जागे झाले आणि टाळ्यांच्या कडकडाटात म्हणाले, "पाहिलं भाऊ? अशी झोप येते."

"चपला घाला," रुपराव म्हणाले. "डॉक्टर मॅडमकडं चाला."

भैयाजींनी खूप आढेवेढे घेतले. तीस वर्षं रुईत काढली, आपल्याला काही होत नाही, आपण फक्त जोरानं श्वास घेतो, असं त्यांनी ठासून सांगितलं. रुपरावांनी त्यांचं काहीएक ऐकलं नाही. दोनचार दिवसांनी भैयाजींचा रिपोर्ट आला, तासाला एकेचाळीस. तो आकडा रुपरावांपेक्षा मोठा आहे हे कळल्यावर त्यांना थोडं बरं वाटल्याचं त्यांच्या तोंडावर दिसलं, पण डॉक्टरबाईंनी त्यांना वेड्यातच काढलं.

यंत्र ठरल्याप्रमाणे सोमवारीच कळमन्याला गेलं होतं. महिन्याभरात मास्क लावलेली दोन माणसं त्या इमारतीत झोपू लागली, रुपराव दिवसा वर आणि भैयाजी रात्री दुकानामागच्या खोलीत. गादी भांडार शांत झालं. काही गिऱ्हाइकं वर बघून "गेले का ते?" असं हळूच विचारत. भैयाजींना खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता आणि गाद्या पूर्वीसारख्याच, दाबून दाबून खपायला लागल्या.

मायाला त्या शांततेची सवय व्हायला वेळ लागला. भाजी चिरता चिरता ती उठे, मास्कच्या बाजूला हात धरून हवा लागते का पाही, आणि मग परत विळीवर बसे.

दीडेक महिन्याने एका सुट्टीच्या दिवशी दोघं मायाच्या बहिणीकडे कामठीला निघाले. शेअर ऑटोत रुपराव कडेला बसले. ऑटो कामठी रोडला लागला, तसे ते मान वर करून बघायला लागले.

"हे वर काय जाऊन राहिलं वं?"

"मेट्रो."

"मेट्रो? इथं? कधी आली?"

"झाले न तीनचार वर्षं." माया त्यांच्याकडे बघत राहिली. "रोज याच रस्त्यानं ड्यूटीले जाता न जी तुम्ही?"

रुपरावांना या रस्त्यावर गाडीत बसल्याबरोबर लागणारी झोपच तेवढी आठवली. ऑटोवाल्याने मागे वळून पाहिलं. मग रुपरावांनी बाहेर बोट दाखवून विचारलं, "आन ते तिथं?" आणि कामठी येईपर्यंत माया एकेक दुकान, एकेक इमारत त्यांना सांगत राहिली.