यादीतली तेवीस नावं

आमच्या उपसा सिंचन संघाची अकरा पंपघरं भीमेच्या दोन्ही काठांवर आहेत, काही शिरूर तालुक्यात, काही दौंडात. कुठल्या गावाला किती वाजता पाणी सुटणार ते प्रत्येक पंपघरातला एक छोटा संगणक ठरवतो. त्याचा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान मी एकत्र बांधून त्याची इमेज करते आणि संघाच्या सामायिक रजिस्ट्रीत, म्हणजे इंटरनेटवरच्या कोठारात, टाकते. तिथून अकरा संगणक ती आपोआप उतरवून घेतात. नवी इमेज टाकायची परवानगी यादीतल्या सभासदांनाच असते. त्या यादीने माझा जीव मेटाकुटीला आणला होता.

यादीत तेवीस नावं. शिरूरकडची अकरा, दौंडकडची अकरा, कारण एक जरी कमी-जास्त झालं असतं तरी रुसवेफुगवे ठरलेले. लग्नपत्रिकेत नावं घालतात तशी मानाप्रमाणे घातलेली. चेअरमन संपतआप्पा पहिले, त्यांचा पुतण्या सत्यजीत दुसरा. यादी लॅमिनेट करून भांडगावच्या ऑफिसात भिंतीवर लावली होती. त्या बावीस जणांतल्या एकानेही आजवर रजिस्ट्री उघडून पाहिलेली नव्हती.

तेविसावं नाव चांगदेवमामांचं. मामा दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. निवृत्त झाल्यावर पाण्याच्या पाळ्यांचा हा प्रोग्रॅम त्यांनीच पहिल्यांदा लिहिला, आणि मला शिकवलाही त्यांनीच. "चौतीस वर्सं नोकरी केली, एक मेमो न्हाई," हे ते महिन्यातून दोनदा तरी सांगत. मला ते ऐकून कंटाळा यायचा, आणि त्यांचा अभिमानही वाटायचा.

माझं नाव यादीत नव्हतं. कागदावर मी ऑपरेटर. माझ्या नावाचा विषय तीनदा मीटिंगपुढे गेला आणि तीनदा "पुढच्या टायमाला बघू" म्हणून परत आला. मामांची नजर कमी झाली तेव्हा त्यांनी आपला पासवर्ड मला दिला. म्हणाले, "तुझं नाव लागंपातुर माझ्या नावानं चालव." तीन वर्षं मी तेच करत आले.

आणि मागच्या मंगळवारी माझ्या हातून चूक झाली. डोकं दुखत होतं, दुपारचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. चाचणीची अर्धवट इमेज मी चालू कामाच्या नावाने टाकली. टेलच्या, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचणाऱ्या, तीन गावांचे पंप बंद पडले. जुनी इमेज परत टाकेपर्यंत चार तास गेले, तोवर तिकडची लाईट गेली आणि त्यांची पाळी हुकली. टेलचे लोक आधीच आठ-आठ दिवस पाण्याची वाट बघतात. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी मीटिंग झाली. रजिस्ट्रीकडून चेअरमनला आपोआप येणारा नोंदीचा मेल आप्पांनी कुणाकडून तरी छापून आणला होता. त्या दुपारी इमेज टाकणाऱ्याचं नाव चांगदेव म्हस्कू भोसले.

मी उभी राहिले. "आप्पा, मामांची चूक न्हाई. त्यांच्या नावानं मीच टाकली. तीन वर्सं मीच टाकतीया."

कुणीतरी हसलं. आप्पा म्हणाले, "पूनम, तू बस खाली."

"पोरगी मला वाचवतीया," मामा शांतपणे म्हणाले. "मीच दाबलं. आता दिसत न्हाई मला."

त्यांचं लगेच सगळ्यांना पटलं. माझं कुणाला पटलं नाही, कारण ते काम मी करत असेन हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं. इतिवृत्ताच्या वहीत आप्पांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: श्री. भोसले यांच्या निष्काळजीपणामुळे टेलच्या गावांची पाळी हुकली, सबब त्यांचं नाव यादीतून कमी करावं. मामांनी वही डोळ्यांपाशी धरून ते वाचलं आणि खाली सही केली. सही करताना त्यांचा हात थांबला होता, ते मी पाहिलं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. "खोटं का बोलला तुम्ही?"

"माझी पेन्शन चालू हाय. तुझी नोकरी गेली आसती," ते म्हणाले. मग बराच वेळ चपला शोधत राहिले. त्या त्यांच्या पुढ्यातच होत्या.

नाव काढायचं कामही माझ्याकडेच आलं. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, हा हक्क फक्त आप्पांना आणि मामांना होता, आणि आप्पांना ते कुठून करतात हे माहीत नव्हतं. मामांच्याच खात्यात शिरून मी मामांना काढलं. पुढच्या क्षणी रजिस्ट्री मलाही बंद झाली. इतका थकवा आला होता की रडूही आलं नाही.

बुधवारी शेतीच्या लाईटच्या वेळा बदलल्याचं पत्र आलं. शुक्रवारपासून सगळ्या पाळ्या बदलायच्या, म्हणजे नवी इमेज हवी. सत्यजीतने सकाळभर लॅपटॉपशी झटापट केली आणि मग लग्नाला जायचंय म्हणून निघून गेला. दुपारी आप्पांनी मला आत बोलावलं.

"तेवढं टाकून दे गं."

"माझं नाव यादीत न्हाई, आप्पा."

"नाव कशाला पायजे? सत्यजीतचं वापर. न्हाईतर माझं घे." त्यांनी खिशातून पासवर्डची चिठ्ठीही काढली.

ती चिठ्ठी पाहून मला राग आला, तीन वर्षांत आला नव्हता इतका.

"मी कुनाच्या नावानं टाकणार न्हाई. आधी इतिवृत्ताची वही काढा. त्यातलं मामांचं नाव खोडा आन् तिथं माझं लिहा. मी सही करते."

आप्पांनी चिठ्ठी परत खिशात घातली. "लोकं चूक दुसऱ्यावर ढकलत्यात. तू मागून घेतीयास व्हय?"

"माझी हाय म्हणून मागतीया."

"मग तुला कामावरनं काढावं लागंल."

"काढा. पन आधी लिहा."

ते भिंतीवरच्या यादीकडे वळले. वरपासून खालपर्यंत एकेक नाव वाचलं. शुक्रवारी पाणी कोण सोडणार ते त्यात शोधत असावेत. मग कपाटातून वही काढली, ते पान उघडलं, पेनचं टोपण काढलं आणि लिहिता लिहिता थांबले.

"पूनम," ते म्हणाले, "आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं. आणि मामांच्या नावावर नीट दोन रेघा पडेपर्यंत तिथून हलले नाही.