रंगाऱ्याची खुर्ची

घाबरू नका, मी खुर्चीच बोलतेय. मागे कलणारी, पाय पसरू देणारी, निळ्या रेक्झिनची. डायलिसिसच्या वॉर्डात माझं आयुष्य गेलं. मूत्रपिंडं थकलेली माणसं इथे येतात, शेजारच्या यंत्रातून रक्त धुऊन घेतात आणि तोवर माझ्या अंगावर पडून राहतात.

आधी मी मोठ्या हॉलमध्ये खिडकीपाशी होते. माझ्यावर एक रंगारी बसायचा, घरांना रंग देणारा. हाताला सुया टोचल्या की याची टकळी सुरू! अख्खा हॉल हसायचा, एक शिवणकामवाल्या आजी सोडून. समोरच्या खुर्चीवरून डोळे मिटूनच त्या म्हणायच्या, "अहो, जरा गप्प बसा की! यंत्राची घरघर परवडली."

एक दिवस मोठ्या सिस्टर त्याच्याजवळ स्टूल ओढून बसल्या. इथे सगळ्यांचं रक्त अधूनमधून तपासतात. याच्या रक्तात हेपटायटिस सी निघाला होता, यकृताला पोखरणारा विषाणू.

"पण मी तर दारूला कधी शिवलोसुद्धा नाही!"

"तुमचा दोष नाही हो. हा रक्तातून रक्तात जातो, आणि इथे आमची गाठ रोज रक्ताशीच. डोळ्यांना न दिसणारा थेंबही पुरतो. चूक आमच्याकडून झाली असेल तर आम्ही ती शोधू. यावर गोळ्या आहेत. बरे व्हाल."

लपवणं सोपं होतं. त्यांनी लपवलं नाही. त्या दिवसापासून मी सिस्टरांना मानते. औषधांची ट्रॉली खुर्च्यांमधून फिरायची, रक्ताचा थेंब इकडचा तिकडे जायला नको म्हणून ती त्यांनी बंद केली. हातमोजे न बदलता पुढच्या पेशंटकडे निघालेल्या डॉक्टरांनाही त्यांनी भर हॉलमध्ये अडवलं.

रंगाऱ्याला कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत हलवलं, आणि त्याच्याबरोबर मलाही. दार लागलं. त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. निघताना एवढंच म्हणाला, "घरी माझं ताट वेगळं केलंय. नातीला जवळ घेत नाही."

"अहो, जेवणातून नाही होत, जवळ घेतल्याने नाही होत! तुमचं दाढीचं ब्लेड तेवढं वेगळं ठेवा," सिस्टर म्हणाल्या.

त्याने मान हलवली, पण ते डोक्यात शिरलं नव्हतं. पुढच्या पाळीला तो आला नाही. त्यापुढच्याही नाही. डायलिसिस चुकवणं म्हणजे जिवाशी खेळ, हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक. सिस्टरांनी फोन केला तर म्हणे, "आता कशाला?"

"द्या इकडे तो फोन," आजी कडाडल्या. कोपऱ्यातल्या खोलीत मला स्पष्ट ऐकू आलं. "अहो रंगारी, भलत्याच घरात शिरलात आणि तिथली भिंत पिवळीधमक करून टाकलीत, इथवर सांगितलंत. पुढे काय झालं? इतके दिवस तुमची बडबड सोसली, आणि आता गोष्ट अर्धी टाकून चाललात होय? उद्या गुमान या!"

आला. पाय सुजलेले, धाप लागलेली, बायकोच्या खांद्यावर हात टाकून. सिस्टर दार लावणार तोच आजी म्हणाल्या, "राहू द्या उघडं. आजार रक्तातून जातो ना? मग गोष्ट ऐकून काय होणारे?"

दार उघडं राहिलं. यंत्र सुरू झालं. बऱ्याच वेळाने त्याचा श्वास जरा शांत झाला आणि तो म्हणाला, "पुढे काय व्हायचं? त्या घरमालकाने मजुरी दिली नाही. मुलगी दिली."

"बाबांनी कुठे दिली?" बायको फणकारली. "मीच पळून आले!"

आजी हसल्या. खो खो हसल्या, ठसका लागेपर्यंत. आणि माझ्या पाठीला कळलं, ताठ बसलेला माणूस सैल पडला.

मग गोळ्यांचे दिवस आले. त्याने एक पाळी चुकवली नाही, एक गोळी चुकवली नाही. पुढे तपासण्यांमध्ये रक्तात विषाणू सापडेना. नातीला कडेवर घेऊन तो सिस्टरांना पेढे नाही, रंगाचा डबा द्यायला आला. म्हणाला, खोलीची भिंत फुकट रंगवतो. सिस्टरांनी त्याला हाकलून पुन्हा हॉलमधल्या खुर्चीवर बसवलं.

मी इथेच, कोपऱ्यातल्या खोलीत राहिले. रेक्झिनला चीर पडली की लगेच बदलतात, म्हणून माझं कातडं नवं असतं, हाडं मात्र जुनी. कुरकुरतात.

परवापासून एक तरुण शिक्षिका येते. तिच्याही रक्तात तोच पाहुणा. पर्स मांडीवर घेऊन काठावर अवघडून बसते, जणू तिची लागण मलाच होईल. अगं पोरी, याच दारातून किती जण चालत बाहेर गेलेत, मी पाहिलंय. माझ्याकडे देण्यासारखं फार नाही, एक पाठ आहे. टेक ना जरा.