पाव फेरा

तार घेऊन पोस्टमन दारात आला तेव्हा गुरुलिंगच्या हातात इंजिनाचं उजवं चाक होतं. मजकूर इंग्रजी होता, तो पोस्टमननंच वाचून मराठीत सांगितला. त्याची बायको शरणम्मा काल सकाळी मिरजेच्या दवाखान्यात वारली होती. गुरुलिंगनं चाक सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि तो स्टेशनाकडं चालू लागला.

लातुरात गंजगोलाईजवळ तो स्टो दुरुस्त करायचा. वाफेवर चालणारं ते हातभर खेळण्यातलं रेल्वे इंजिन त्यानं भंगारवाल्याकडून आणलं होतं. कुणीतरी दोन मोडक्यांतून एक केलेलं; बॉयलर एकाचा, चाकं दुसऱ्याची. गुरुलिंगनं गळती झाळून बंद केली, स्टोचा बर्नर बसवला, सायकलच्या व्हॉल्व्हची शिट्टी केली. एक खोड मात्र जाईना. चाकं फिरवणारे दोन्ही बाजूंचे दांडे एकदमच टोकाला जाऊन थांबायचे आणि वाफ कोंडली तरी गाडी हलायची नाही. मग शरणम्मा बोटानं धक्का द्यायची, की निघाली.

जिल्हा नवा झाला होता, पण पाण्याचा टँकर चार दिवसांनी यायचा. तरी इंजिनासाठी अर्धा पेला पाणी ती आपल्या घागरीतून काढून द्यायची. तो वैतागला की म्हणायची, "ढकलल्याबिगर हालंना म्हणून कशाला चिडता? तुम्हाला बी सकाळी ढकलूनच उठवावं लागतंय की."

इलाज त्याला ठाऊक होता. उजवं चाक सोडवायचं, पाव फेरा फिरवून पुन्हा आवळायचं. मग एक दांडा अडला तरी दुसरा ओढतो. तिला भावाबरोबर मिरजेच्या गाडीत बसवताना तो म्हणाला होता, "तू येईस्तोवर ती आपली आपण निघंल बघ."

"मग मला काय काम राहिलं?" ती हसून म्हणाली होती.

अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेनं रखडत तो मिरजेला पोचला तोवर माती देऊन झाली होती. तिचा भाऊ पंचाक्षरी त्याला माती दिली तिथं घेऊन गेला.

"अक्का एकच विचारत होती, दाजी. गाडी आपोआप निघाली का म्हणून. तिला बरं वाटंल म्हणून मी व्हय म्हणलो."

"मग?"

"काही न्हाई. तिनं हात पांघरुणात घेतला."

घरी आल्यावर गुरुलिंगनं खिशातलं चाक काढलं. सोडवताना ओढलेली खुणेची रेघ जुळवून ते होतं तसंच बसवलं. तिच्या घागरीतलं अर्धा पेला पाणी भरलं, बर्नर पेटवला. वाफ धरली, शिट्टी वाजली. गाडी जागेवरच. त्यानं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. मग बर्नर विझवून उरलेलं पाणी बादलीत ओतलं.

याला आता वर्ष झालं. टँकर अजून चार दिवसांनीच येतो. उजवं चाक पाव फेरा फिरवायचं राहिलं आहे.