घोड्याच्या झुलीतला फोन

लग्नपत्रिकेवर छापलेला मुहूर्त फक्त भटजींनी मनावर घ्यायचा असतो, हे मखमलाबादेत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाकीच्यांचा मुहूर्त नवरदेव येईल तेव्हा, आणि नवरदेव येणार मित्रांचं नाचून पोट भरल्यावर. दीपमालाच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात तर निम्मे पाहुणे कंटाळून न जेवताच उठून गेले होते. भावकी त्यावरून अजून तिच्या वडिलांना, सहादूआबांना, टोचून बोलायची. एवढा भाजीपाला पिकवणारा माणूस, आणि त्याच्या दारातून लोक उपाशी गेले!

"या टायमाला एक माणूस उपाशी गेला नाय पाहिजे," आबांनी बजावलं.

"आबा, ते माझ्यावर सोडा," धाकटी दीपमाला, आताची नवरी, म्हणाली.

दीपमाला नाशकातल्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहून मोबाइलचे आणि संगणकाचे पडदे तयार करायची. बाहेरच्या जगात काहीतरी बदलतंय, ते पडद्यावर त्याच क्षणी दिसलं पाहिजे, हे तिचं खास काम. नवसाबाई आत्याला तिनं ते समजावलंही होतं.

"आत्या, पडद्यानं सारखं 'बदललं का, बदललं का' विचारत बसायचं नाही. एकदा नाव नोंदवून ठेवायचं. तिकडं काही हललं की निरोप आपोआप येतो."

"म्हंजी दूधवाल्यावाणी. रोज सांगावं लागत नाय."

"अगदी तसंच."

"पर गावाला जाताना बंद कर म्हणून सांगावं लागतं, बाई. नायतर पिशव्या दारात नासत्यात."

दीपमाला हसली. कंपनीतले साहेबही दर आठवड्याला हेच कानीकपाळी ओरडत असत : नाव नोंदवलंस तर नाव काढायची सोयही तिथल्या तिथे कर. करू की, ती म्हणाली, लग्न तर होऊ दे.

तर लग्नाच्या, दिंडोरी रोडवरच्या मंगल कार्यालयात तीन टीव्ही लागले. एक मांडवात, एक नवरीच्या खोलीत, एक आचाऱ्याच्या डोळ्यांसमोर. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला की टीव्ही तसं मोठ्यानं सांगणार, पडद्यावर नकाशात चिमुकला घोडा चालू लागणार, खाली तो कुठे आहे ते ठळक अक्षरात येणार, आणि तो मंगल कार्यालयात पोचला की सनई वाजणार. सनई वाजली की आचाऱ्यानं पुऱ्या सोडायच्या.

प्रश्न एवढाच होता की पडद्यानं नाव नोंदवायचं कोणाकडे? नवरदेवाचा फोन लग्नाच्या दिवशी कधी मामाच्या खिशात, कधी करवलीच्या पर्समध्ये. त्याचा भरवसा नाही. म्हणून दीपमालानं आपला जुना फोन घोडेवाल्या वाळूला दिला आणि घोड्याच्या झुलीत शिवून टाकायला लावला. घोडा असेल तिथे नवरदेव. यात चूक ती काय होणार?

नवरदेवानं, ज्ञानेशनं, तेवढं एकदा म्हटलं होतं, "मला घोड्याची भीती वाटते गं." मग पुन्हा एकदा म्हटलं होतं.

"दहा मिनिटं तर बसायचंय," दीपमालानं त्याला उडवून लावलं. "माझ्या पडद्यासाठी बस."

लग्नाच्या दिवशी घोडा देवळापाशी हलला, तसा पडद्यावरचाही हलला. 'नवरदेव निघाले!' मांडवात टाळ्या पडल्या. आबांची छाती फुगली. नवरीच्या खोलीत दीपमाला टीव्हीवर आणि हातातल्या फोनवर असा दोन्हीकडे तोच घोडा पाहत होती. तेवढ्यात फोनवर ज्ञानेशचं नाव झळकलं आणि नकाशा झाकला गेला. घोड्यावर बसून फोन कसले करतो, म्हणून तिनं तो कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला.

घोडा मात्र झपाझप निघाला होता. नाचणं नाही, थांबणं नाही. फाट्यापाशी आल्यावर तो कार्यालयाकडे वळायच्या ऐवजी उलटा वळला.

'नवरदेव पेठ रोडला.'

"तिकडं काय हाय?" आबांनी विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. घोडा पुढे गेला आणि थांबला. पडद्यावर एका भलत्याच मंगल कार्यालयाचं नाव उमटलं, आणि दीपमालानं नुसतं 'मंगल कार्यालय' लिहून ठेवल्याप्रमाणे सनई इमानदारीत वाजू लागली.

'नवरदेव मांडवात पोचले!'

मांडवात कोणीतरी म्हणालं, "दुसरी असंल." मग सगळेच म्हणाले. नवरदेवानं हातावर तुरी दिल्या, तेही घोड्यावर बसून, ही बातमी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायला निरोपाची गरज पडली नाही. आतला आचारी पडदा वाचत बसला नव्हता, त्याचे कान सनईकडे होते. सनई वाजली, त्यानं पुऱ्या सोडल्या, जिलेबी बाहेर काढली, वाढप्यांना पिटाळलं. लग्न मोडायचं तर भरल्या पोटी मोडू, असा सुज्ञ विचार करून लोक पंगतीला बसले.

आबांनी व्याह्यांना फोन लावला. पलीकडे डीजेचा दणदणाट, शब्द एक कळेना. "नाचत्यात!" आबा लालबुंद होऊन ओरडले. "माझी पोर टाकून तिकडं नाचत्यात! मोडलं म्हणून सांगा!"

आठ महिने रोज बोलणारा माणूस असा जाईल, हे दीपमालाच्या मनाला पटत नव्हतं. पण पडदा तिचा होता, स्वतः लिहिलेला, आणि तो कधी खोटं बोलला नव्हता. तिला रडू फुटलं. तेवढ्यात फोनवर पुन्हा ज्ञानेशचं नाव आलं. आता काय, निरोप घ्यायला? तिनं रागारागानं तोही कापला.

त्याच वेळी कार्यालयाच्या दारात घामेघूम, धुळीनं माखलेला एक फेटेवाला पायी येऊन उभा राहिला. दारात नवसाबाई आरतीचं तबक धरून होती. तिचा चष्मा कालच्या हळदीत हरवला होता.

"कोन हाय?"

"आत्या, मी ज्ञानेश. नवरदेव."

"नवरदेव पेठ रोडला हाय."

"नाही हो, मी इथंच आहे."

"पडद्यावर तसं दाखवत नाय," नवसाबाई म्हणाली आणि तबक आडवं धरून दार अडवलं.

त्याच्यामागून डीजेसह अख्खं वऱ्हाड आलं, तेव्हा कुठे आत्यानं हार मानली. वरातीमागून घोडं सगळ्यांनी ऐकलं होतं. घोड्यामागून वरात नाशिककर पहिल्यांदाच बघत होते. दीपमाला खोलीतून धावत बाहेर आली.

"कुठं होतास?"

"देवळापाशीच घोडा उधळायला लागला. मी उतरलो. वाळूला पेठ रोडचंही लग्न होतं, तो म्हणाला, मग मी मोकळा, आणि घोडा घेऊन तिकडं गेला. हेच सांगायला फोन करत होतो." तो थांबला. "तू कापत होतीस."

घोड्यानं मान हलवली तरी तिला कळत होतं, आणि ज्याच्याशी जन्म काढायचा तो जीव तोडून हाका मारत होता, त्याला ती बोटानं बाजूला सारत होती. ही लाज तिला पुढे बरीच वर्षं पुरली.

अंतरपाट धरला गेला. दुसरं मंगलाष्टक चालू असताना मांडवातला टीव्ही खणखणीत आवाजात म्हणाला, "नवरदेव निघाले!" पेठ रोडवर घोडा पुन्हा हलला होता, आणि पडद्याचं नाव काढायची सोय राहूनच गेली होती. सगळ्या मांडवानं दचकून ज्ञानेशकडे पाहिलं. त्याच्या मामानं त्याचा दंड घट्ट धरला, तो अक्षता पडेपर्यंत सोडला नाही.

लग्न लागलं तेव्हा पाहुणे जेवून पान चघळत होते. एकही माणूस उपाशी गेला नाही. आबा पंगतीतून मिशांना पीळ देत फिरले आणि हा आपलाच बेत होता असं भासवू लागले.

"नाव घे, नाव घे," बायकांनी नवरीला घेरलं. पाठ केलेला उखाणा दीपमाला विसरली होती. तिनं तिथल्या तिथे नवा जुळवला.

"घोडा गेला पेठ रोडला, जीव माझा टांगणीला,
ज्ञानेशरावांचा फोन उचलीन पहिल्या घंटीला."

हशा पिकला. तो ओसरतो न ओसरतो तोच तिच्या हातातला फोन वाजला. शेजारी बसलेल्या ज्ञानेशचा एक हात उपरण्याखाली होता. तिनं पहिल्याच घंटीला फोन कानाला लावला.

"बोल."

"भूक लागलीय," तो म्हणाला. "आणि जिलेबी संपलीय."