डावीकडचे बिंदू

“पाच बिंदू, दहा मिनिटं. खाडाखोड चालणार नाही.” बाबांचंच वाक्य मुलीने त्यांना ऐकवलं आणि आलेख कागद टेबलावर सरकवला. दोन्ही अक्ष तिने आधीच आखून ठेवले होते.

“शहाणी झालीस! बापाची परीक्षा घेतेस?” बाबांनी चष्मा पुसला, पेन्सिलीचं टोक बोटावर टोचून पाहिलं आणि कामाला लागले.

चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. ताठ बसायचे म्हणून मुलं त्यांना ‘काटकोन’ म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दोन महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “डाव्या बाजूचं भान कमी राहील.” घरच्यांना वाटलं, डाव्या हाताबद्दल बोलताहेत. हळूहळू हात बरा झाला, तसं बाबांनी सोमवारपासून शिकवणी सुरू म्हणून कळवूनही टाकलं. शिकवणी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ती सुटली तर हा माणूस भिंतीकडे बघत बसेल, या भीतीने मुलीला झोप लागत नव्हती. पण काल त्यांनी शेजारच्या मुलाच्या वहीतली निम्मीच गणितं तपासली होती, आणि तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती.

“हे काय?” बाबा कडाडले. “एकच बिंदू दोनदा? पेपर काढताना डोकं कुठे होतं?”

“कुठे दोनदा?”

“हे बघ. चार, तीन. आणि खाली पुन्हा चार, तीन.”

खाली तिने (−४, ३) लिहिलं होतं. तिने वाकून पाहिलं. उभ्या अक्षाच्या उजवीकडे बारीक, रेखीव बिंदू. डावीकडची अख्खी बाजू कोरी.

‘चुकलं माझं’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढं म्हटलं असतं तर आजचा दिवस निभावला असता. पण सोमवारी समोर बारा मुलं बसणार होती, आणि मुलं कुणाची गय करत नाहीत. तिने खालची कड वर येईल असा कागद फिरवून ठेवला.

“आता बघा.”

बाबा बघत राहिले. “कागद बदललास?”

“तोच आहे.”

“मग माझे बिंदू कुठे गेले?”

तिने त्यांचं बोट कागदाच्या उजव्या कडेवर टेकवलं आणि हळूहळू डावीकडे ओढत नेलं. “बोटावरची नजर हलवायची नाही, बाबा.” मधला अक्ष आला तसं बोट अडलं, जणू टेबल तिथेच संपत होतं. तिने थोडा जोर लावला. बोटामागे मान वळली. पहिला बिंदू दिसला, मग दुसरा. त्यांच्याच हातचे.

बाबांनी प्रश्नांचा कागद ओढला आणि प्रत्येक ओळीवर बोट डावीकडे मागे मागे नेत राहिले.

“उणे,” ते म्हणाले. “हे पण उणे. अरे देवा, हे पण.” त्यांनी हसून पाहिलं, पण डोळे भरून आले. “चिन्ह बघा, चिन्ह बघा म्हणून जन्मभर पोरांच्या कानीकपाळी ओरडलो गं. सोमवारी कुणाला बोलावू नकोस.”

“आपण आधी डॉक्टरांना दाखवू ना—”

“नको म्हटलं ना.”

भांडी घासता घासता आई आवाज ऐकून दारात येऊन उभी राहिली होती. बाबांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते कागदाच्या कोऱ्या भागावर हात फिरवत होते.

“तुझी आई जेवायला कुठे बसते गं?”

मुलीला प्रश्नाचा रोख कळेना. “नेहमीच्याच जागी. तुमच्या डावीकडे.”

“हल्लीसुद्धा?”

“रोज.”

बाबांचा हात थांबला. “मला वाटत होतं, ती रागावून आतच जेवते.”

“घरी आल्यापासून माझ्याकडे मान वळवून पाहिलं नाहीत,” दारातून आई म्हणाली. “मला वाटलं, तुम्हीच रागावलात.”